दिजों ते माकों: बरगंडीच्या द्राक्षमळ्यांतून सायकलवर पाच दिवस, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

'नाशिकच्या माणसाने द्राक्षं बघायला फ्रान्सला जायचं?' हा प्रश्न आमच्याच घरात जेवताना विचारला गेला. तेव्हा उत्तर सुचलं नाही, तिथे गेल्यावर सुचलं. आपल्याकडे वेल मांडवावर चढवलेला असतो. बागेत शिरलं की डोक्यावर पानं, आजूबाजूला खांब, पलीकडचं काही दिसत नाही. बरगंडीत वेल जेमतेम कमरेएवढा आणि ओळी मीटर-मीटरभर अंतरावर. त्यामुळे सायकलच्या सीटवर बसल्या बसल्या अख्खा उतार, पुढचं गाव, त्याच्या पुढच्या गावाचा चर्चचा मनोरा, सगळं एका नजरेत येतं. ही बाग मुळी सायकलच्या उंचीवरूनच बघायची आहे.

मी आणि बायको सप्टेंबरमध्ये दिजों ते माकों असे गेलो. खाली दिलेला मार्ग तोच आहे, आमच्या चुका वगळून. अंतराला घाबरू नका. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला सायकलने जाऊन येणाऱ्याला यातला एकही दिवस जड जाणार नाही. आम्हाला पाय कुठेच कमी पडले नाहीत, कमी पडलं ते घड्याळ. फ्रेंच खेड्याचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि ते पाहुण्यासाठी मिनिटभरही हलत नाही. या लेखातली निम्मी माहिती त्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्याबद्दल आहे.

१. महिना ठरवा

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे वाट चुकली तरी दिवस हातात राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चांगलंच तापतं आणि मळ्यांत सावलीला झाड नसतं. मेमध्ये १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या असतात, शिवाय तारीख बदलणारे दोन धार्मिक सण मे-जूनच्या सुमारास येतात. त्या दिवसांत दुकानं बंद आणि खोल्या भरलेल्या.

आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. तिथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात, आणि काढणी साधारण सप्टेंबरमध्ये. काढणी बघायची तर तोच महिना, पण त्याची किंमत मोजावी लागते. अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टर, वळणावर चिखल, आणि मळेवाले कामात बुडालेले असल्याने बरीच तळघरं पाहुण्यांना बंद. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोन शहरात जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा प्रसिद्ध लिलाव असतो. त्या आठवड्यात तिथे खोली मिळण्याची आशा धरू नका.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

लागतो तो शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं, म्हणून तीन महिने आधी लागा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. बरोबर दुसरा देशही करणार असाल, तर जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा.

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट
- वैद्यकीय विमा, किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा

सायकलवाल्याची गोची शेवटच्या ओळीत होते. इतर लोक पॅरिसच्या एका हॉटेलाचा एकच कागद जोडतात. आपला मुक्काम रोज नव्या गावी. माझ्या अर्जात वाटेतल्या क्लुनी गावची एक रात्र राहून गेली आणि तेवढ्यासाठी पुन्हा चक्कर पडली. एका पानावर तक्ता करा: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, कुठे झोपणार. सगळी बुकिंगं रद्द करता येण्याजोगी घ्या.

विमा घेताना दोन गोष्टी वाचा. सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, आणि दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते कोण भरणार. भाड्याची सायकल चोरीला गेली तर हा विमा बहुधा कामाचा नसतो. ते दुकानाशी वेगळं बोलावं लागतं.

३. सायकल तिथेच भाड्याने घ्या

स्वतःची सायकल खोक्यात घालून न्यायचा मोह मलाही होता. पाच दिवसांच्या फेरीसाठी तो व्याप परवडत नाही: विमान, मग पॅरिसमधली स्टेशनं, मग ते रिकामं खोकं ठेवायचं कुठे? दिजों आणि बोन या दोन्ही शहरांत चांगल्या सायकली भाड्याने मिळतात. दुकानाला आधी ईमेल करा आणि उंचीबरोबर पायाच्या आतल्या बाजूचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे मागा. मळ्यांतल्या वाटा कुठे सिमेंटच्या, कुठे पांढऱ्या खडीच्या आहेत; बारीक टायर तिथे मार खातो.

ताबा घेताना दुकानाच्या दारातच सगळ्यात आधी ब्रेक तपासा. माझ्या नाशिकच्या सायकलीला उजव्या हाताला पुढचा ब्रेक आहे. फ्रान्समध्ये बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सवयीने जोरात दाबला तर उतारावर माणूस सायकलच्या आधी खाली पोचतो. मी पडलो नाही, पण दिजोंच्या पहिल्याच सिग्नलला मागचं चाक हवेत गेलं आणि शेजारच्या आजीबाई काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, सूर कळला. दहा मिनिटं मोकळ्या जागेत फिरा, हाताला सवय होऊ द्या.

अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड या कामाला चालेलच असं नाही. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून ठेवा. ते बंदच असतं आणि काउंटरवर उभं राहिल्यावर आठवतं.

सोबत घ्यायच्या वस्तू:

- स्वतःचे पेडल आणि त्यांचे बूट (क्लीटची सवय असेल तर)
- दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पान्यांचा जुडगा, बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप
- पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, चमकणारं जाकीट
- पातळ रेनकोट, मीठ-साखरेच्या पाकिटांचा गठ्ठा
- दोन बारीक गोल पिनांचा चार्जर. आपल्या जाड तीन पिनांचा तिथल्या भिंतीत बसत नाही

पाने आणि पट्ट्या चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवाल तर त्या सुरक्षा तपासणीलाच राहतील.

दिजोंपर्यंत यायला पॅरिसच्या गार द लिऑं स्टेशनवरून वेगवान रेल्वे साधारण दीड तास घेते. सायकल दिजोंतच घ्यायची असल्याने या गाडीत तिची भानगड नाही.

४. रस्ता वाचायला शिका

फ्रान्समधल्या ग्रामीण रस्त्यांची नावं डी या अक्षराने सुरू होतात, म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. पण सगळे डी सारखे नसतात. ज्यांचा आकडा नऊशेच्या घरात आहे, त्यातले बरेच पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग आहेत. पाटी बदलली, रहदारी तीच राहिली. दिजोंहून बोनकडे जाणारा डी ९७४ त्यातलाच. सरळ, सपाट, आणि कानाशी ट्रक. आम्ही पहिल्या दिवशी तीनचार किलोमीटर त्यावरून गेलो, कारण फोनमधला नकाशा मोटारीच्या पर्यायावर राहिला होता. रोज सकाळी तो सायकलवर आहे ना बघा, आणि मार्ग आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

दुसरी खूण फोनशिवाय चालते. दिजोंपासून दक्षिणेला द्राक्षांचा डोंगरउतार एका लांब पट्ट्यासारखा पसरला आहे, तोंड पूर्वेकडे. तुम्ही दक्षिणेला जात असाल तर डोंगर सतत उजव्या हाताला आणि सोन नदीचं मैदान डावीकडे. डोंगर डावीकडे दिसायला लागला की थांबा, उलट दिशेने निघालात.

वाहतुकीचे नियम थोडक्यात. गाड्या उजव्या बाजूने चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि चहाच्या टपरीनंतर सगळे विसरतात. धोका चालू रस्त्यावर नसतो, तर सकाळी अंगणातून निघताना आणि थांबून पुन्हा सुरू करताना असतो. चौकात पाटी किंवा पट्टा नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो केवढ्याही गल्लीतून येवो. खेड्यांत हे हमखास लागतं. गोल चौकाला उजवीकडून शिरायचं, आणि आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला.

लाल गोलात पांढरी आडवी पट्टी म्हणजे प्रवेश बंद. पण खाली 'सोफ व्हेलो' लिहिलं असेल तर सायकलला मुभा आहे. 'व्हुआ व्हेर्त' म्हणजे मोटारींना बंदी असलेला हिरवा मार्ग, तो मिळाला की सोडू नका. गावाबाहेर मोटारीने सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जायचं असतं आणि बहुतेक जण ते पाळतात. आपल्याकडून गेलेल्या माणसाला सुरुवातीला वाटतं, मागची गाडी बिघडली की काय, पुढे का जात नाही!

हेल्मेटची सक्ती बारा वर्षांखालच्या मुलांना आहे, तरी घालाच. कानात इअरफोन घालणं बेकायदा आहे. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. अडचणीत ११२ फिरवा.

५. मार्ग, दिवसवार

पहिला दिवस: दिजों ते बोन, सुमारे ४५ किलोमीटर.

दिजोंच्या दक्षिणेला शनोव्ह आणि मार्सानेपासून डी १२२ धरा. हा अरुंद रस्ता उताराच्या पायथ्याने गावागावांतून जातो: जेव्हरे-शांबेर्तें, मोरे-सें-दनी, शांबोल-म्युसिन्यी, व्हूजो. वाइनच्या दुकानांत काचेआड ठेवलेली नावं इथे गावाच्या वेशीवर पाटी म्हणून भेटतात. वर-खाली आहे, पण चढ लहान.

या उताराचा एक कायदा सायकलवरून पायांना कळतो. सर्वांत नावाजलेल्या, 'ग्रां क्र्यू' दर्जाच्या पट्ट्या उताराच्या मधोमध असतात. खाली सपाटीवर माती जाड, पाणी साचतं, तिथली वाइन साध्या दर्जाची. अगदी वर माती पातळ आणि थंडी जास्त. म्हणजे सायकलला जरा जोर लागायला लागला की आजूबाजूची जमीन महागली असं समजा. अशा बाराशेहून जास्त तुकड्यांना स्वतंत्र नाव आणि हद्द आहे. तिथे त्यांना 'क्लिमा' म्हणतात, आणि २०१५ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

व्हूजोला थांबा. भिंतीने वेढलेला हा मळा सितो मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, पुढे विक्रीने आणि वारसाहक्काने तुकडे होत गेले. आज सुमारे ५० हेक्टरच्या या एका मळ्याला ८०च्या आसपास मालक आहेत. बांधावरून भांडणं होणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

डी १२२ इथे संपतो आणि मोठा रस्ता खुणावतो. त्यावर न जाता मळ्यांतल्या वाटेने व्होन-रोमानेला या. गावामागे एक दगडी क्रूस आहे, त्याच्या पाठीमागची बाग म्हणजे रोमाने-कोंती. एकूण १.८ हेक्टर, आपल्या हिशेबाने साडेचार एकर. जगातल्या सर्वांत महाग वाइनांपैकी एक इथून येते. बांधावरून बघा, फोटो काढा, आत पाऊल टाकू नका आणि घडाला हात लावू नका. हा नियम सगळ्याच मळ्यांना लागू आहे. फवारणीच्या दिवसांत तर रस्त्यावरही थांबू नका. वेलांच्या ओळीवर पाय फाकवून चालणारा उंच ट्रॅक्टर दिसला की पुढे सटका.

न्युइ-सें-जॉर्ज मध्यावर येतं. पाय किंवा पाऊस त्रास देत असेल तर इथून बोनला लोकल रेल्वे आहे.

दुसरा दिवस: बोनमध्येच मुक्काम.

नाव 'बोन' असंच उच्चारायचं. १४४३ मध्ये स्थापन झालेलं जुनं रुग्णालय, त्याची रंगीत कौलं आणि रुग्णांच्या खाटांची रांग सकाळीच बघून घ्या. त्यानंतर दोन पर्याय. विश्रांती, किंवा पश्चिमेच्या डोंगरात सें-रोमें आणि ला रोशपोची फेरी. ही फेरी चढाची आहे. नवख्याने पहिल्याच सहलीत ती केलीच पाहिजे असं नाही, पण सें-रोमेंच्या कड्यावरून मागे वळून पाहिलं की आपण काल कुठून आलो ते कळतं. बायकोने विश्रांती घेतली आणि ती शहाणी ठरली, कारण मी परतलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि जेवण मिळण्याची वेळ टळली होती. त्याबद्दल पुढे.

तिसरा दिवस: बोन ते शालों-स्युर-सोन, सुमारे ५० किलोमीटर.

अख्ख्या सहलीत एकच दिवस मिळाला असता तर मी हाच निवडला असता. बोनच्या बुझेझ उद्यानाजवळून 'व्हुआ दे व्हीन्य', म्हणजे द्राक्षवेलींची वाट, सुरू होते आणि सुमारे २२ किलोमीटरवर सांत्नेला संपते. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिनी-मोंराशे, शासान्य-मोंराशे. पोमारला दगडी भिंती, व्होल्नेला छोटा पण खडा चढ, मर्सोला चर्चचा उंच सुळका आणि चौकात बसायला बाक. व्होल्नेपर्यंत लाल वाइनचं द्राक्ष, पिनो न्वार, मर्सोपासून पांढऱ्याचं शार्दोने. दोन किलोमीटरमध्ये पीक बदलतं. 'मोंराशे' म्हणताना मधला आणि शेवटचा त गिळायचा. मी पहिल्यांदा सगळी अक्षरं म्हटली होती. दुकानदार सौजन्याने दुसरीकडे बघत राहिला.

वाट खुणांनी दाखवलेली आहे, हिरवी-पांढरी छोटी पाटी. पण ती पूर्णपणे मोटारमुक्त नाही. मळेवाल्यांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर यांना तिथे हक्क आहे, आपण पाहुणे. समोरून ट्रॅक्टर आला तर कडेला उतरून उभे राहा आणि 'बोंझूर' म्हणा. हात वर होतोच.

सांत्नेहून कालव्याला लागा. अठराव्या शतकाच्या शेवटी खोदलेला हा 'कानाल द्यु सांत्र' शान्यीवरून शालोंकडे जातो, काठाने सपाट वाट, झाडांची सावली, पाणी अडवणारे दरवाजे आणि त्यांतून चढ-उतार करणाऱ्या नावा. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोपचा सहा क्रमांकाचा सायकलमार्ग याच वाटेने जातो. त्यामुळे सामानाने लादलेले लांब पल्ल्याचे प्रवासी भेटतात. त्यांना माहिती विचारा, देतात आनंदाने.

चौथा दिवस: शालों ते क्लुनी, सुमारे ५५ किलोमीटर.

जिव्ह्रीपासून क्लुनीपर्यंतची ४४ किलोमीटर वाट जुन्या रेल्वेमार्गावर केली आहे. १९९७ मध्ये उघडलेला हा फ्रान्समधला पहिला हिरवा मार्ग. आगगाडी चढू शकेल एवढाच चढ, गुळगुळीत डांबर. लहान मुलं बरोबर असतील तर नुसता हाच दिवस घेऊन सहल करता येईल. ब्युसीला जुनं स्टेशन आहे (स्पेलिंगमध्ये एक्स असला तरी स म्हणायचं), मग सें-जांगू, कोर्मातेंचा खंदकाने वेढलेला वाडा, तेझे, आणि शेवटी क्लुनी. क्लुनीच्या ख्रिस्ती मठाची स्थापना ९१० मधली. तिथलं चर्च रोममधलं नवं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर त्याचे दगड विकले गेले, आता एक बाजू आणि मनोरे उरलेत. उरलेल्यावरून गेलेल्याचा अंदाज करत उभं राहावं असं ठिकाण.

पाचवा दिवस: क्लुनी ते माकों, सुमारे ३० किलोमीटर.

क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेर बोगदा लागतो, जुन्या रेल्वेचाच, सुमारे १.६ किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, पण भर उन्हातून शिरल्यावर अंगावर काटा येतो. जाकीट चढवूनच आत जा. हिवाळ्यात वटवाघुळांच्या झोपेसाठी तो बंद करतात, मग डोंगर चढून पलीकडे जावं लागतं. त्यापुढे बेर्झेचा किल्ला आणि उताराचा रस्ता. अंगात दम असेल तर उजवीकडे सोल्युत्रेचा कडा गाठा, ४९३ मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला. पायथ्याशी सायकल बांधून चालत वर जायचं.

६. पोट आणि घड्याळ

दुपारचं जेवण बारा ते साधारण दीड. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री सात-साडेसातपर्यंत उघडत नाही. भूक कितीही असो, विनंतीला अर्थ नसतो. छोटी दुकानं दुपारी बारा ते दोन बंद. रविवारी दुपारनंतर सामसूम, आणि सोमवारी बेकरीसकट निम्मं गाव बंद असू शकतं. दारावर 'फेर्मे' लिहिलेलं असतं. हा शब्द आम्ही सगळ्यात आधी शिकलो.

म्हणून नियम: सकाळी निघतानाच बेकरीतून दुपारचा पाव, चीज आणि फळं घेऊन पिशवीत टाका. हॉटेल मिळालं तर बोनस. रविवार-सोमवार शक्यतो मोठ्या गावात पडतील असा दौरा आखा.

पाणी कुठे? गावाच्या नळावर 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तर प्या, मध्ये 'नों' असेल तर पिऊ नका. नळ दिसला नाही तर गावाबाहेरचं कब्रस्तान शोधा. तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतोच आणि फ्रेंच सायकलवाले वर्षानुवर्षं तिथेच बाटल्या भरतात. पाटी मात्र तिथेही वाचा. पहिल्या दिवशी बायकोने साफ नकार दिला होता. तिसऱ्या दिवशी मनोऱ्याआधी तिलाच क्रूस दिसायला लागले.

शाकाहारी मंडळींनी 'व्हेजेतारियें' एवढं म्हणून थांबू नये. सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले असतात आणि वाढणाऱ्याच्या मते ती चव असते, मांस नव्हे. स्पष्ट म्हणा: 'सां व्हियांद, सां प्वासों, सां जांबों', म्हणजे मांस नको, मासा नको, हॅम नको. अंडं चालत असेल तर सुटलात. इथली खासियत म्हणजे 'गुजेर', चीज घातलेले फुगीर गोळे. गरम मिळाले तर चार खाऊनच उठा. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, ज्याला ते वर्ज्य आहे त्याने विचारून घ्यावं.

घरून काय न्यावं? दशम्या तेलातल्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू असतील तर तेही तुपाशिवाय. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खवा यात येतात. आईने भरून दिलेली तुपाची बरणी विमानतळावर सोडून येण्यापेक्षा ती घरीच राहू द्या. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत.

मुक्कामाला 'शांब्र दोत', म्हणजे घरगुती खोली आणि सकाळची न्याहारी, सगळ्यांत सोयीची. दारावर 'अकय व्हेलो' ही खूण असेल तर सायकलला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची जुजबी हत्यारं मिळतात. संध्याकाळी किती वाजता पोचणार हे आधी कळवा. घरमालकीण वाट बघत असते, चोवीस तासांचा काउंटर नसतो.

७. वाइन चाखायची, पण सायकल चालवायची आहे

तळघरात 'देग्युस्तासिओं' म्हणजे चाखणं. बऱ्याच ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. आदल्या दिवशी फोन किंवा ईमेल करा. आत शिरताच 'बोंझूर' म्हणा, प्रश्न नंतर. हे दुकान, बेकरी, स्टेशन सगळीकडे लागू आहे. नमस्काराशिवाय विचारलेला प्रश्न तिथे उद्धटपणा धरतात.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरणं शिष्टाचाराला धरूनच आहे. आपल्याला ते जड जातं, महागडी वस्तू तोंडात घेऊन टाकून कशी द्यायची! पण रक्तातल्या मद्याची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे आणि दंड खराच होतो. आमचा तोडगा सोपा होता: दिवसाचं अंतर संपवून, सायकल मुक्कामी लावून, संध्याकाळी चालत जाता येईल अशाच तळघरात चाखायचं. न पिणाऱ्यानेही तळघर बघावं. नाशिकला द्राक्षाच्या काड्या, माती, फवारणी यांवर वाढलेला माणूस असेल तर मळेवाला वाइनपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलतो. वर्षातून दोन छाटण्या होतात हे मी सांगितल्यावर एकाने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

८. परतीचा हिशेब

माकों शहरातल्या स्टेशनवरून प्रादेशिक रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास पुन्हा दिजों. पाच दिवस जे बघत आलो ते खिडकीतून उलटं जातं. गावाबाहेर वेगवान गाड्यांचं दुसरं स्टेशन आहे, तिकडे जाऊ नका. प्रादेशिक गाडीत सायकल जाते, पण जागा मोजक्या असतात. तुमच्या गाडीला सायकलीचं आरक्षण लागतं का हे ॲपवर बघा, आणि सकाळ-संध्याकाळची कामावर जाणाऱ्यांची गर्दी टाळा. फलाटावरच पिशव्या उतरवून ठेवा. डब्यात सायकल पुढच्या चाकाने हुकाला उभी टांगायची असते आणि सामानासकट ती उचलत नाही.

सायकल परत करताना दुकानदाराबरोबर उभं राहून ओरखडे बघा आणि अनामत सुटल्याची नोंद मागा. बाटल्या घ्यायच्याच असतील तर त्या शेवटच्या दिवशी दिजोंत घ्या, पाच दिवस पाठीवर वाहू नका. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत त्या गुंडाळायला सायकलची गादीवाली चड्डी उत्तम. फक्त ती आधी धुऊन घ्या.